आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. माझ्या देखरेखीखाली अकरा शाळा, त्यांतल्या सात दोनशिक्षकी, आणि पावसाळ्यात दोन ओढे ओलांडून गाठावी लागणारी एक वस्तीशाळा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी सगळ्यात जास्त काय वाचले असेल, तर एकच वाक्य: ‘सोबत जोडलेल्या पत्राचे कृपया अवलोकन व्हावे व आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही करावी.’

मोबाइलवर आठ पानांची पीडीएफ यायची. पहिली सात पाने म्हणजे एकाने दुसऱ्याला ते पत्र पुढे पाठवल्याची पत्रे. मंत्रालयातून आयुक्तांना, आयुक्तांकडून संचालकांना, मग विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि मी. मूळ मजकूर शेवटच्या पानावर, तोही स्कॅनमध्ये तिरका झालेला. मी काय करायचो? तेच. अकरा मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचो: ‘अतितात्काळ. आज ५ वाजेपर्यंत माहिती विहित नमुन्यात द्यावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ निरंक म्हणजे शून्य. मुख्याध्यापकाला पुढे पाठवायला कुणी नसते. त्याच्या खाली स्तर नाही, फळा आहे. मग फळ्याकडे पाठ करून तो माहिती भरायला बसायचा आणि दोन वर्ग एकमेकांकडे बघत बसायचे.

या उतरंडीच्या माथ्यावर, पुण्याच्या सेंट्रल बिल्डिंगमध्ये, शिक्षण आयुक्त बसतात. राज्यात एक लाख आठ हजारांच्या आसपास शाळा आहेत, दोन कोटींवर मुले आणि सात लाखांवर शिक्षक. या सगळ्यांचा, मंत्रालयाखालोखाल, सर्वांत वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी तो. नवा आयुक्त आला की वर्तमानपत्रात त्याच्या पहिल्या ‘आढावा बैठकी’ची बातमी येते, गेला की बदलीच्या यादीत एक ओळ येते. मधल्या काळात हा माणूस नक्की कशासाठी असतो, हा प्रश्न आम्ही मराठी माणसांनी कधी धड विचारलेला नाही. मंत्र्याला आपण प्रश्न विचारतो, गुरुजींना तर विचारतोच. मधला सुटतो.

मला विचाराल तर त्याची कामे दोनच. वरून आलेले पत्र शाळेच्या दारात पोचण्याजोगे आहे का हे बघणे आणि नसेल तर ते स्वतःच्या टेबलावर थांबवणे, हे एक. शाळांची खरी अवस्था मंत्र्याला आणि जनतेला स्वतःच्या सहीने सांगणे, हे दुसरे. बाकी सगळे, म्हणजे बैठका, पोर्टल, व्हिडिओ कॉन्फरन्स, कार्यशाळा, ही त्या दोन कामांची हत्यारे. आज हत्यारे भरपूर झाली आहेत. पण पत्र कुठेच थांबत नाही आणि खरे वर जात नाही.

हे पद कसे आले ते आठवायला हवे. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली. त्याच वर्षी नांदेडमध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी हजेरीपटावरची आणि वर्गातली मुले यांतली तफावत उघडी पाडली होती. त्यानंतर सगळ्या राज्यात एकाच वेळी मोजणी करायचे ठरले. एकच पोरगा दोन-तीन शाळांत मोजला जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. महसुलातली माणसे आमचे वर्ग मोजायला आली. दुसरीतल्या एका चिमुरडीने मला विचारले, ‘सर, आपण मत कुणाला दिलं?’ तेव्हा सगळे हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही. आपली मुले किती, हे शिक्षण खात्याला सांगता येत नव्हते, आणि सांगितले तर कुणी विश्वास ठेवत नव्हते. जागोजागी पटावर खोटी नावे निघाली. २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरती थांबली, ती पुढे कित्येक वर्षे थांबलेलीच राहिली. भरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल आले आणि त्यातून पहिल्या निवडी होईपर्यंत २०१९ उजाडले. डीएड होऊन बसलेल्या एका अख्ख्या पिढीचे वय त्यात गेले. कुणाच्या खोट्या पटाची किंमत कुणी मोजली, याचाही एकदा हिशेब व्हायला हवा, पण तो वेगळा विषय.

त्या धक्क्यानंतर दोनेक वर्षांत संचालकांच्या डोक्यावर आयएएस आयुक्त आला. तोपर्यंत संचालक हाच शिक्षणाचा वरचा माणूस होता आणि तो बहुधा खात्यातूनच चढत आलेला असे. चित्रा नाईक शिक्षण संचालक होत्या. ज्या बाईंनी पुढे पुरंदरच्या परिंचे खोऱ्यात, दिवसा गुरे राखणाऱ्या मुलींसाठी रात्रीचे वर्ग चालवले त्याच. वि. वि. चिपळूणकर औरंगाबादच्या शासकीय विद्यानिकेतनातून आले होते. शाळा म्हणजे काय, हे त्यांना फाइलमधून समजून घ्यावे लागत नव्हते. पण म्हणून ‘खात्यातला माणूस म्हणजे सोने आणि आयएएस म्हणजे पाहुणा’ असे मी म्हणणार नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच २०२१ च्या डिसेंबरात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात अटक झाली, साडेसात हजारांहून अधिक उमेदवार त्यात अडकले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीच्या (शिक्षकांच्या पगारासाठीच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाच्या) प्रकरणात उपसंचालक दर्जाचा अधिकारी पकडला गेला. हे दोघेही खात्याच्या मुशीतलेच. तेव्हा हा वाद मला निरर्थक वाटतो. माणूस कुठून आला यापेक्षा त्याला बसायला खुर्ची आहे की स्टूल, हे बघा.

आणि ते स्टूलच आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार शालेय शिक्षण विभागाच्या तरतुदीतून निघतो. पण १ मे १९६२ पासून ते जिल्हा परिषदेचे नोकर आहेत. त्यांची नेमणूक आणि शिस्तभंग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हातात. त्यांच्या बदलीचे धोरण ग्रामविकास विभाग ठरवतो. २०१७ च्या २७ फेब्रुवारीचा ऑनलाइन बदल्यांचा निर्णय ग्रामविकासचाच होता, आणि त्यानंतरची काही वर्षे आमच्या शिक्षकखोल्यांत मुलांपेक्षा बदलीच्या ‘संवर्ग एक’ आणि ‘संवर्ग दोन’ यांचीच चर्चा जास्त झाली. समग्र शिक्षाचा पैसा मुंबईतल्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडून येतो, तिथे दुसरे आयएएस. आश्रमशाळा नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांकडे. मनपाच्या शाळा मनपा आयुक्तांकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने जिला शिक्षणाचा पाया म्हटले ती तीन ते सहा वयाची मुले शिक्षण खात्यात येतच नाहीत. अभ्यासक्रम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, पुस्तक बालभारतीचे, दहावीची परीक्षा मंडळाची. या संस्थांवर आयुक्तांचे वजन कमी-जास्त चालते, पण शाळेत सलग दोन वर्षे एक शिक्षक टिकावा एवढी साधी गोष्टही पुण्यातून ठरत नाही. आयुक्ताला जाब विचारता येतो, पण जाब द्यायला लागणारी किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असते.

म्हणून त्याच्या हाती जे खरोखर आहे, त्याकडे बघा. त्याच्या हाती पत्र आहे. आणि शब्द आहे.

पत्राचे एक उदाहरण पुरेसे आहे. गणवेश. समग्र शिक्षाच्या योजनेत एका मुलाला दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समितीतल्या आया तालुक्याच्या बाजारातून कापड घ्यायच्या, गावातला शिंपी मापे घ्यायचा, जूनअखेर पोरे नव्या कपड्यांत दिसायची. त्यात गडबडी होत नव्हत्या असे नाही. पण ज्याने गडबड केली तो गावातच राहायचा, आणि त्याला गाव बोलायचे. मग ‘एक राज्य एक गणवेश’ आले. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांकडे. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या, १५ ऑगस्ट आला, आणि असंख्य शाळांत मुलांनी झेंड्याला जुन्या कपड्यांत सलामी दिली. जिथे गणवेश पोचले तिथे मापाच्या तक्रारी. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला, अधिकार पुन्हा समित्यांकडे आले.

यात मला राजकारण्यांचा राग येत नाही. राज्यभर एका रंगाची पोरे दिसावीत हे मंत्र्याच्या डोक्यात येणारच, मंत्री आहे तो. माझा प्रश्न मधल्या माणसाला आहे. गावच्या शिंप्याची माहिती ज्या यंत्रणेला होती, जिल्ह्या-जिल्ह्यातून किती दिवसांत किती कपडे शिवून होतील याचा अंदाज जी दोन आठवड्यांत काढू शकत होती, त्या यंत्रणेच्या प्रमुखाने फाइलवर काय लिहिले? ‘ही योजना जूनपर्यंत होणार नाही, झाली तर एका तालुक्यात करून बघू’ एवढे एक वाक्य लिहिले गेले का? लिहिले असेल आणि डावलले गेले असेल, तर ते आपल्याला कळायला हवे होते. लिहिलेच नसेल, तर मग आयुक्त आणि माझ्यासारखा केंद्रप्रमुख यांत फरक एवढाच की त्याचे पत्र पहिल्या पानावर असते आणि माझे सातव्या.

शिक्षण हक्क कायद्याचे बघा. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना, हे कायद्याच्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागा देण्याची सक्ती नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला तो नियमच रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो तगला नाही. नियम मूळ कायद्याच्या पुढे जाऊ शकत नाही, हे सांगायला घटनापंडित लागत नाही. पण अर्ज एकदा एका नियमाने मागवले, पुन्हा दुसऱ्या नियमाने मागवले, आणि ज्या पोराला जूनमध्ये पहिलीत बसायचे होते त्याची आई पावसाळाभर सायबर कॅफेत खेटे घालत राहिली. त्या आईला कोर्टाने न्याय दिला. तो कोर्टापर्यंत न जाताच देणे हे खात्यातल्या सर्वांत वरच्या माणसाचे काम होते.

आता कुणी म्हणेल, अहो, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा निर्णय अधिकाऱ्याने अडवायचा, ही कुठली लोकशाही? आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. नकार देण्याची हौस असलेले अधिकारीही मी पाहिले आहेत, त्यांच्या तालुक्यात साध्या संडासाच्या दुरुस्तीला दोन वर्षे लागायची. अंतिम शब्द मंत्र्याचाच. पण ‘हुकूम पाळतो, मात्र याने काय होईल ते आधी लिहून ठेवतो’ म्हणणारा अधिकारी मंत्र्याला जड होत नाही, उलट डिसेंबरमधल्या माघारीपासून वाचवतो. हिंदीच्या वादात हेच दिसले. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य, १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घालून मऊ केलेला सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, नरेंद्र जाधव यांची समिती. अडीच महिन्यांत तीन पवित्रे. निर्णय मागे गेला तो ५ जुलैच्या जाहीर झालेल्या मोर्च्यापुढे. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपते की नाही, त्याला आधी कोणती लिपी पक्की यावी लागते, दोनशिक्षकी शाळेत ती शिकवणार कोण, यावर राज्यात भाषण पुष्कळ झाले. पण पहिलीला रोज शिकवणाऱ्या बाईंचे म्हणणे वरच्या कुणी आकड्यांनिशी लोकांपुढे ठेवल्याचे मला आठवत नाही. हिंदीला माझा विरोध होता, तो निर्णय गेला याचा आनंदही झाला. पण मोर्च्याने गेलेला निर्णय दुसऱ्या मोर्च्याने परत येऊ शकतो, पुराव्याने गेलेला सहसा येत नाही.

आता शब्दाकडे येतो. इथे मला दीडशे वर्षे मागे जावे लागेल, आणि इंग्रजांचे कौतुक करण्याचा आळ येईल, येऊ दे.

१८५४ च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात ‘डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन’ हे पद निर्माण झाले. पहिले डायरेक्टर अर्स्किन. त्यांच्या हाताखालचे इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे आमच्या आज्यांचे ‘दिपोटी’. दिपोटी येणार म्हटले की शाळा शेणाने सारवली जायची. हे पद काही आपल्या भल्यासाठी आलेले नव्हते, साम्राज्याला कारकून हवे होते. पण त्या पदावर एक बंधन होते: दरवर्षी इलाख्याचा छापील अहवाल द्यायचा. कुठे किती शाळा, किती मुले, मुली किती, कोणत्या जातीची किती, खर्च किती. आणि तो आकडा छापून आला की तो सरकारचा राहत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, ते वाचताना आजही केंद्रप्रमुखाचे कान लाल होतात. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो हा त्यांचा मुख्य आरोप सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दलही ते बोलले आहेत: दिपोटीने वर्षातून एकदा शाळेत येणे कुचकामी आहे, निदान तीन महिन्यांनी यावे, आणि कधीमधी न सांगता यावे. शिक्षकाचा पगार किती असावा हेही त्यांनी आकड्यात सांगितले, कमीत कमी बारा रुपये. पुढे मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारच्याच अहवालाचा आधार घेतला: या वेगाने शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागतील, आणि मुली यायला ३००. सरकारच्या कागदानेच सरकारला उघडे पाडले. ते शक्य झाले, कारण कागद छापलेला होता.

आज आकडे कमी नाहीत. यूडायस ही शाळांची देशभरची ऑनलाइन नोंद आहे, आर्थिक पाहणी आहे, ‘प्रथम’ या संस्थेचा असर अहवाल आहे, केंद्राने राज्यांना दिलेली श्रेणी आहे. मुलांचा आधार, शिक्षकांची हजेरी, खिचडीचे ताट, सगळे रोजच्या रोज ऑनलाइन भरले जाते. पण राज्याच्या शिक्षण आयुक्ताने मराठीत, स्वतःच्या सहीने, गावच्या सरपंचाला वाचता येईल असा ‘या वर्षी शाळांचे असे असे झाले, हे मला जमले नाही’ असा वार्षिक जबाब छापलेला माझ्या हातात कधी पडलेला नाही. असर आला की आपण त्यावर भांडतो, नमुना लहान होता, प्रश्न चुकीचे होते. ठीक आहे, असतील. मग तुमचा सांगा.

तो सांगता येत नाही याचे कारण मी आतून पाहिले आहे. खालून वर जाताना आकडा धुतला जातो. एका मोहिमेच्या वर्षी माझ्या केंद्रातल्या चार शाळा ‘शंभर टक्के’ झाल्याचे मी सही करून कळवले. त्यांतल्या दोन होत्या. उरलेल्या दोनमध्ये चौथीतल्या सहा पोरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि हे मला माहीत होते. शेजारच्या केंद्राचे तक्त्यातले सगळे चौकोन हिरवे झाले होते आणि आमचे पिवळे होते, एवढेच कारण. माझ्या वरच्यानेही तसेच केले असेल. प्रत्येक स्तरावर थोडे थोडे पिवळे हिरवे होत गेले की माथ्यावर पोचेपर्यंत सगळा महाराष्ट्र हिरवागार. त्या दोन शाळांना त्या वर्षी ज्या मदतीची गरज होती ती मिळाली नाही, कारण कागदावर त्यांना गरजच नव्हती. ही चूक माझी, ती दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण पिवळा चौकोन दाखवणाऱ्याला बैठकीत उभे करून झापायचे, ही पद्धत बदलणे फक्त वरच्याच्या हातात असते.

आणि खरे बोलू दिले की काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनी चाळीसेक शाळांत पहिली-दुसरीचे शिकवणे मुळातून बदलले, फरशीवर खडूने आखलेल्या चौकटी, हाताळायचे साहित्य, मुलाला गप्प न बसवणे. राज्यभरातून गुरुजींच्या गाड्या भरून ते बघायला गेल्या, मीही गेलो. तिथे पहिली गोष्ट दिसली ती ही की बाई कोणत्या मुलाला काय येत नाही हे लपवत नव्हत्या. मग शासनाने २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ काढून ते सगळीकडे नेले. सगळीकडे फरशा रंगल्या. ते न लपवणे मात्र पत्राने पोचत नाही.

एक पर्याय सुचवला जातो: आयुक्त थेट लोकांनी निवडावा. अमेरिकेत काही राज्यांत तसे आहे. कॅलिफोर्नियात सार्वजनिक शिक्षणाचा प्रमुख चार वर्षांसाठी मतदानाने निवडतात, बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींना या पदाची मतपत्रिका घरपोच येते. ऐकायला छान. पण ओक्लाहोमातही हे पद निवडणुकीचेच, आणि २०२४ मध्ये तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाने शाळांत बायबल शिकवण्याचा आदेश काढला. निवडून आलेला माणूस पुढच्या निवडणुकीसाठीही बोलतो. आपल्याकडे आधीच शिक्षक मतदारसंघ आहेत, आणखी एक मतपेटी नको.

मुदत मात्र हवी. बदल्यांचा २००५ चा कायदा सर्वसाधारण मुदत तीन वर्षे सांगतो. आयुक्तालय झाल्यापासून साधारण बारा वर्षांत चोक्कलिंगम, भापकर, धीरजकुमार, सोळंकी, मांढरे, सचिंद्र प्रताप सिंह अशी सहा नावे तर मलाच तोंडपाठ आहेत, अतिरिक्त कार्यभाराचे महिने वेगळे. सूरज मांढरे तीन वर्षांच्या आसपास टिकले, मग कृषी आयुक्त झाले. चांगला अधिकारी कुठेही चांगलेच काम करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिलीतले पोर चौथीत जायला तीन वर्षे लागतात. ज्याने पहिलीचा निर्णय घेतला तो ते पोर चौथीत काय वाचते हे बघायला खुर्चीवर नसेल, तर त्याला स्वतःची चूक कधी कळणार? चूक कळली नाही की ती पुढच्या खात्यात बरोबर जाते.

२०२३ च्या सप्टेंबरात आयुक्तालयातून समूह शाळांचे पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात. पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर त्या एकत्र आणण्याचे प्रस्ताव पाठवा. कल्पना मुळात वाईट नाही हे मी, ज्याच्या अकरापैकी चार शाळा त्या यादीत बसल्या असत्या, कबूल करतो. सात पोरांच्या शाळेत खेळ नसतो, भांडण नसते, स्पर्धा नसते, आणि ती मुले पाचवीला मोठ्या शाळेत गेली की बुजतात. पण तोरणमाळला मुलांच्या राहण्याची सोय आहे. आमच्या वस्तीशाळेच्या दोन ओढ्यांवर पूल नाही. बस येणार म्हणतात ती आमच्या घाटात जुलैत येत नाही. तिथली तिसरीतली मुलगी शाळा लांब गेली की घरी बसते, आणि पटावर ती ‘स्थलांतरित’ म्हणून दिसते. हे सगळे मी त्या पत्राच्या उत्तरात लिहायला हवे होते. नमुन्यात मात्र चार रकाने होते: शाळेचे नाव, यूडायस क्रमांक, पट, जवळच्या शाळेचे अंतर. ओढ्यासाठी रकाना नव्हता. मी अंतर लिहिले, १.८ किलोमीटर.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाला तीन वर्षे हलवू नका. गुरुजींची बदली, पगार आणि शिकवणे यांचे धनी एका टेबलाभोवती आणा. निदान शिक्षकबदलीच्या वेळापत्रकावर आयुक्ताची सही लागलीच पाहिजे असे करा. दर नमुन्यात एक कोरा रकाना ठेवा, ‘शाळेचे म्हणणे’, आणि तो न धुता वरपर्यंत जाऊ द्या. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे आहेत, कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी आहेत. ती भरा, कारण न सांगता शाळेत जाणारा तोच, फुल्यांनी मागितलेला. आणि दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, आयुक्ताच्या सहीचा मराठी अहवाल विधिमंडळात आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या.

त्यात काय काय असावे यावर तज्ज्ञ बसतील, समिती नेमतील, उपसमिती नेमतील. माझे एवढेच म्हणणे आहे की पहिल्या पानावर एक आकडा असावा: गेल्या वर्षी वरून आलेली किती पत्रे मी माझ्या टेबलावर थांबवली. निरंक असल्यास निरंक लिहावे.